माझे दोन गाभे

मित्रांनो, वापीकडच्या राखोलीतल्या सूत कारखान्यातल्या एका जुन्या संगणकाला आज बोलायची लहर आली आहे, जरा ऐकून घ्या. माझे जन्मगाव कोणते ते मला नीट ठाऊक नाही. पडदा एका देशातला, माहिती साठवणारी चकती दुसऱ्या देशातली आणि जोडणी वापीच्या दुकानातली. १९९८ साली टेम्पोत बसून मी इथे आलो आणि प्रयोगशाळेतल्या टेबलावर ठाण मांडले.

संगणक सुरू होताना सर्वांत आधी त्याचा गाभा जागा होतो. इंजिनीअर त्याला कर्नेल म्हणतात. कळफलक, चकती, छपाईयंत्र या सगळ्यांशी तोच बोलतो. इतरांना एक गाभा असतो, मला दोन होते. सुताची ताकद मोजणारे यंत्र जुन्या गाभ्याचेच ऐके आणि छपाईयंत्राचे फक्त नव्याशी जमे. म्हणून सुरू होताना मी थांबून विचारी, कोणाला उठवू? ‘जुना’ टाइप केले की सूत तपासायचे, ‘नवा’ टाइप केले की अहवाल छापायचे. दोघांचे भांडण कधी झाले नाही, कारण एक जागा असला की दुसरा झोपलेला असे.

सकाळी सूत तपासायच्या त्या चिपळूणच्या रजनीताई. दुपारी अहवाल छापायचा तो सुकदेव. तो धुळ्याकडचा, जवळच डोकमर्डीला खोली घेऊन राहणारा. त्याला नोकरीला लागून पाच महिने झाले होते. सहाव्या महिन्यात कायम होणार की गावी परतणार हे ठरायचे होते, आणि तोवर त्याची बायको झुंबर माहेरीच थांबली होती.

खंडेनवमीला कारखान्यातली सगळी यंत्रे स्वच्छ करून पुजतात. त्या वर्षी सुकदेवने मला पुसले, कळफलक उलटा करून त्यातले चुरमुरे झटकले. एवढ्यावर थांबेल तर तो सुकदेव कसला. बाहेरून पुसले, तर आतूनही पुसावे, असे त्याला वाटले. ‘जुना’ नावाची फाइल दिसताच त्याने ती पुसून टाकली. मग मला कुंकू लावले, झेंडूची माळ घातली आणि तो पाया पडला. मी काय बोलणार?

दसऱ्याची सुट्टी संपली. दारात भिवंडीला जाणारा ट्रक उभा होता.

“सुकदेव, जुना लाव रे. माल तपासायचाय,” रजनीताई म्हणाल्या.

त्याचा चेहरा उतरला. “ताई, ते तर मी पुसलं. म्हटलं, नवा आहे तर जुना कायले ठेवायचा?”

ताई फोनकडे धावल्या. तपासल्याशिवाय माल सुटत नव्हता. वापीच्या इंजिनीअरला फोन लागेपर्यंत दोन तास गेले. तो म्हणाला, “नवीन काही साठवू नका. बंद करा आणि ‘जुना’ टाइप करून तर बघा.”

ताईंनी टाइप केले आणि जुना गाभा मुकाट्याने उठला. पुसले गेले होते ते फक्त त्याचे नाव. तो चकतीवर जागच्या जागी होता, आणि त्याला उठवणारा माझा चिमुकला प्रोग्रॅम नाव न बघता जागा बघून शोधत असे. त्या जागेवर दुसरे काही लिहिले गेले असते, तर मात्र सगळेच संपले असते. माल तपासून झाला, ट्रक निघाला. संध्याकाळी इंजिनीअरने येऊन फ्लॉपीवरून फाइल परत घातली.

तेवढ्यात मॅनेजर आले. “ट्रकला दोन तास उशीर का?”

“संगणक बिघडला होता, साहेब,” ताई चटकन म्हणाल्या. सुकदेववर त्यांची माया होती.

सुकदेवही तिथेच होता. गप्प राहिला असता तर विषय तिथेच मिटला असता.

“संगणक नाही बिघडला, साहेब,” तो म्हणाला. “मी न विचारता फाइल पुसली.”

मॅनेजर त्याच्याकडे वळले. “आता काय पुसायचं नाही, ते कळलं ना?” एवढेच विचारून ते गेले. पुढच्या महिन्यात सुकदेव कायम झाला आणि झुंबर डोकमर्डीला आली. मला फार आनंद झाला.

मित्रांनो, आमच्यातले काही पुसण्याआधी एकदा विचारत जा. आणि चूक झालीच, तर ती आमच्या माथी मारू नका. आम्हाला तोंड नाही. त्या दिवशी सुकदेव माझ्यासाठी बोलला, तेही नोकरी पणाला लावून.