पुरलेलं मीठ

मास्तरांनी सलाइनची बाटली हळूच फिरवली आणि तिच्यावरची चिठ्ठी भिंतीकडे केली. नळीला पीळ पडला, म्हणून अर्धा वळसा परत सोडला. बायको डोळे मिटून पडली होती. पण ती झोपली आहे असं समजायला ते काही नवखे नव्हते.

मास्तर म्हणजे कुणी शिक्षक नव्हेत. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुवायच्या, भरायच्या आणि त्यांच्यावर चिठ्ठ्या डकवायच्या, हेच त्यांनी जन्मभर केलं. पण तिथे त्यांचा एक नियम होता आणि त्यापुढे मुख्याध्यापकांचंही काही चालत नसे. बाटली रिकामी राहिली तरी चालेल, चिठ्ठी खोटी लागता कामा नये.

"आज यात औषध काय घातलंय?" बायकोनं डोळे न उघडताच विचारलं.

"आहे की."

"रोज बाटलीत पिवळं औषध टोचतात, ते आज दिसलं नाही. नर्स आली, तशीच गेली."

सकाळी डॉक्टरांनी त्यांना बाहेर बोलावून घेतलं होतं. बाकीचे सगळे उपचार थांबवलेत, आता बाईंना त्रास होऊ नये एवढंच बघायचं, असं सांगून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. एखाद्या औषधाचं भारदस्त नाव ठोकून द्यावं, असं मास्तरांच्या अगदी जिभेवर आलं. नावांना काय तोटा होता?

"सांगा ना नाव."

"सोडियम क्लोराइड," ते म्हणाले. "शून्य पूर्णांक नऊ दशांश टक्के."

ती हसली. धाप लागली तरी हसली.

लग्नाच्या पहिल्याच महिन्यात मास्तरांनी मोठ्या हौसेनं स्वयंपाकघरातल्या बरण्यांवर वळणदार अक्षरांत चिठ्ठ्या लावल्या होत्या. नव्या नवरीनं 'सोडियम क्लोराइड' वाचलं आणि तिची पाचावर धारण बसली. शाळेतलं विष चुकून घरी आलं असं समजून तिनं ती बरणी फडक्यात धरून परसात नेली, खड्डा खणून पुरली, वर दगड ठेवला आणि तीनदा हात धुतले. मग घरात मीठ सापडेना, आणि नव्या घरात मागायचं कसं म्हणून ती गप्प. अळणी भाजीला नावं ठेवायची कशी म्हणून मास्तरही गप्प. तिसऱ्या दिवशी बिंग फुटलं. पुढे एकेचाळीस वर्षं त्या घरात जेवताना कुणी मीठ मागितलं नाही. मागितलं ते सोडियम क्लोराइडच.

"पुरलेलं मीठ वर आलं म्हणायचं," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "नुसतं मीठ-पाणीच का?"

मास्तरांनी तिच्या पांघरुणाची कड सारखी केली. सारखी झालेली कड पुन्हा सारखी केली.

"बरं," ती म्हणाली. "ताई येईल आता. तिला मीठ-पाणी म्हणू नका. पूर्ण नाव सांगा."

"तिला फसवायचं?"

"चिठ्ठीवर आहे तेच सांगायचं. खोटं कुठाय त्यात?"

ताई आली ती जिने चढून दमलेली. शाळेचं तोंड न पाहिलेली ही थोरली बहीण. आई गेल्यावर धाकटीला तिनंच न्हाऊमाखू घालून वाढवलं होतं. ती पायाशी बसली आणि धाकटीचे तळवे चोळू लागली.

"मास्तर, औषध कोणतं चालू आहे?"

मास्तरांनी बाटली फिरवून चिठ्ठी समोर आणली आणि वाचली.

"सोडियम क्लोराइड."

"अगं बाई!" नळीला लागलेलं कोपर ताईनं झटकन मागे घेतलं. "जालीम दिसतंय!"

ताईचा चेहरा उजळत गेला. एवढं जालीम आहे म्हणजे गुण येणारच, असं ती स्वतःशीच पुटपुटली. तो उजळलेला चेहरा मास्तरांना बघवेना. रडू आवरायला ते चिठ्ठीवरचं बारीक अक्षर वाचत राहिले.

"थांबा, पाठच करते. शेजारणी रोज विचारतात," ताई म्हणाली. "सोडियम... पुढचं काय म्हणालात?"

मास्तरांनी चिठ्ठी पुन्हा भिंतीकडे फिरवली.

"क्लोराइड," धाकटी डोळे मिटूनच म्हणाली.