कालव्याच्या तोंडावरचं गाव

पंचफुलाबाईंनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता, पण समुद्राकाठच्या एका गावात घरं किती, हे त्या बोटांवर मोजून सांगत. एकतीस. त्यांतलं एक पडकं. मशिदीमागच्या घराला यंदा निळं दार बसलं. तिथल्या बाया अंगणातल्या मातीच्या भट्टीत रोटी भाजतात आणि छपरावर मासे वाळत घालतात, आपण कुरडया घालतो तसे. दर्यापूरपासून जीपने अर्ध्या तासावरच्या त्यांच्या घरात हे गाव फोनमधून आलं होतं. फोन सुनेचा, भावनाचा. आणि पलीकडे त्यांचा अश्विन. त्या गावासमोर नांगर टाकलेल्या जहाजावर तो चौदा महिन्यांपासून होता. त्यातले शेवटचे नऊ महिने एकटाच.

गाव कालव्याच्या तोंडावर होतं. जमीन इतकी सपाट की जहाजावरून कालव्यातलं पाणी दिसायचंच नाही. घरांच्या मागून सात-सात मजली लोखंडी जहाजं वाळूतून चालत गेल्यासारखी दिसायची. साऱ्या जगाचा माल गावाच्या पाठीमागून जायचा. गावात मात्र टमाटे आठवड्यातून एकदा यायचे, आणि प्यायचं पाणी टँकरने. हे ऐकल्यापासून पंचफुलाबाईंना ते गाव सोयऱ्याचं वाटू लागलं होतं. खारपाण पट्ट्यात जन्म काढलेली बाई. विहीर असून तहानलेलं राहणं म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

“काहून रे, त्या पडक्या घरातली म्हातारी दिसत नाई आताशा?” त्या फोनवर विचारत.

“आई, मी इथं अडकून पडलो आहो का इथचा तलाठी आहो?”

“तुले दिसते म्हनून विचारलं बाप्पा. केवढा भाव खातं!”

भावना हसायची आणि प्रियदर्शनीला फोनसमोर धरायची. पोर चौदा महिन्यांची. ज्या महिन्यात ती जन्मली त्याच महिन्यात तिकडे जहाज पकडलं गेलं. बापाच्या कडेवर ती कधी बसली नव्हती. फोन वाजला, मग तो कुणाचाही असो, की ती “बाबा” म्हणून रांगत यायची आणि काचेला तोंड लावायची. भावना पदराने काच पुसायची. पुसताना अश्विनचा चेहरा दर महिन्याला थोडा अरुंद झालेला दिसायचा. समोरचा एक दात गेला होता. तो का गेला, हे तिने विचारलं नव्हतं.

जहाजाचा मालक बुडाला आणि पसार झाला. तिथल्या कोर्टाने जहाज अडकवलं. बारा जणांपैकी एकेक जण घरी जात गेला. कॅप्टन तर औषधाच्या निमित्ताने किनाऱ्यावर उतरला तो परतलाच नाही. मग कोर्टाचा माणूस कागद घेऊन आला. जहाजाला कुणीतरी एक राखणदार लागतो, सही करा. अश्विन इंजिन पुसणारा, सगळ्यांत खालचा. त्याने कागदाचा फोटो घरी पाठवला. अक्षर कुणालाच वाचता येईना, पण खाली दोन गोल शिक्के होते.

भावनाचे सासरे मोतीराम, निवृत्त कोतवाल. गायरानाच्या दोन एकरांवर आपलं नाव लागावं म्हणून अठरा वर्षं त्यांनी तहसिलीच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. शिक्के पाहून त्यांचा आवाज चढला होता. “सही कर! कोर्टाचा कागद आहे. ज्याचं नाव कागदावर नाई, त्याले कोनीबी हाकलते. नाव असलं का कोनाच्या बापाची हिंमत नाई हलवायची.” भावना तेव्हा तान्ह्या पोरीला घेऊन खोलीतच होती. तीही म्हणाली होती, “बाबा म्हनतात तर करा जी.”

जहाज विकलं जाईपर्यंत कागदावरच्या माणसाला उतरता येत नाही, हे नंतर कळलं. आणि गंजलेलं जहाज कुणी घेईना. तेव्हापासून फोन वाजला की मोतीराम उठून ओट्यावर जात आणि दाराकडे पाठ करून बसत. ऐकत मात्र सगळं.

गेल्या महिन्यात अश्विन मध्येच म्हणाला होता, “कधी कधी वाटते भावना, शिडीवरून खाली उतरावं आन् उतरतच जावं.” हे तिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं. पोरीला न्हाऊ घालताना, भाजी निवडताना ते वाक्य तिच्यासोबत असायचं.

त्या दिवशी अकरा वाजता फोन आला. अश्विनने दाढी केली होती.

“वकील येऊन गेला, खलाशांच्या संघटनेचा. तो म्हनते, गावातलाच मानूस राखणदार झाला तर कोर्ट मले सोडते. सालेम तयार आहे.”

सालेम म्हणजे निळ्या दाराच्या घरातला कोळी. दर दोन दिवसांनी तो होडीतून यायचा, अश्विनचा फोन घरी नेऊन चार्ज करायचा आणि गरम रोटीसोबत परत आणून द्यायचा. फोन त्याच्या घरी असला की त्याची बायको हमीदा कधी तरी भावनाला लावायची. ती आपला मुलगा वर उचलायची, भावना प्रियदर्शनीला उचलायची, दोघी हसायच्या. संपलं बोलणं.

“साजरं झालं माय!” पंचफुलाबाईंनी हात जोडले. “त्याच्या लेकराले आउक्ष लाभो.”

पण भावना अश्विनकडे पाहत होती. “तुमी खुश काहून नाई?”

“त्याले वाटते वॉचमनची नोकरी आहे. वाचता येत नाई त्याले. अंगठा देते.” त्याने मागे वळून पाहिलं. “नांगराची साखळी सडली, भावना. नखानं पापुद्रे निघून राहिले. मोठं वारं आलं का तुटते, आन् जहाज जाऊन कालव्याच्या तोंडात आडवं पडते. मंग कागदावर ज्याचं नाव, त्याले धरतीन.”

“हे सांगतलं त्याले?”

“नाई.”

“वकिलानं?”

“वकील म्हनते, तो हो म्हनून राहिला, तुमी काहून फाटे फोडता?”

“आन् तुमी सांगतलं तर?”

“तर तो काहून सही करीन? येडा आहे का?”

पंचफुलाबाईंचे जोडलेले हात तसेच मांडीवर आले. भावनाने दाराकडे पाहिलं. “बाबा?”

“मले नोको विचारू पोरी,” ओट्यावरून आवाज आला. पाठ वळली नाही. “मी एकदा सांगून पाह्यलं.”

“उद्या सकाळी सही आहे,” अश्विन म्हणाला. “तू म्हनशीन तसं करतो. माह्यं डोकं चालत नाई आता.”

प्रियदर्शनी भावनाच्या बांगडीशी खेळत होती. तिची मान घामेजली होती. भावनाने तिथे फुंकर घातली. सालेमचा मुलगा हिच्याहून दोन-तीन महिन्यांनी मोठा. त्याला चालायला येऊ लागलं, ते हमीदाने तीनदा दाखवलं होतं. फुंकर घालून झाली तरी भावनाने मान वर केली नाही.

“घ्या सही,” ती म्हणाली. “काही सांगू नोका. घ्या आन् या घरी.”

 मग फोन बंद झाला. पंचफुलाबाई उठल्या, चुलीपाशी गेल्या, आणि विझलेल्या चुलीत उगीच काडी सारत बसल्या.  जेवताना मोतीरामांनी भाकरीचा अर्धा तुकडा ताटात तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला तो सालेमच्या अंगणातून. अश्विनच्या मागे भिंत होती, भिंतीवर ऊन. “झालं,” तो म्हणाला. “परवा विमान आहे. मुंबईवरून गाडीनं येतो.” जमिनीवर उभं राहून त्याला गरगरत होतं, बोलताना त्याने भिंतीला हात धरला होता.

भावनाला रडू आलं. खरंखुरं, आनंदाचं. पंचफुलाबाईही धावत आल्या. तेवढ्यात हमीदाने अश्विनच्या हातातून फोन ओढून घेतला. डोळ्यांत काजळ, डोक्याला नवा रुमाल. ती भराभर बोलत सुटली, हाताने समुद्र दाखवू लागली, जहाज दाखवू लागली.

“काय म्हनते?” पंचफुलाबाईंनी विचारलं.

चौदा महिन्यांत अश्विन तिथलं बोलणं शिकला होता. त्याचा आवाज बाजूने आला, कोरडा. “म्हनते, आता सालेम खोल समुद्रात जानार नाई. रोज डोळ्यासमोर राहीन.”

पंचफुलाबाई बाजूला झाल्या.

हमीदाने मुलाला उचललं. भावनाने प्रियदर्शनीला उचललं. मग हमीदाने जहाजाकडे बोट करून काही विचारलं, आणि उत्तरासाठी थांबली.

“जी?” भावना म्हणाली.

“विचारून राहिली,” अश्विन म्हणाला, “तुह्या नवऱ्यानं केलं ते काम कसं आहे म्हने. चांगलं आहे ना?”

“तुमी सांगा तिले.”

 हमीदा त्याच्याकडे पाहत होती, मग काचेकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. तिच्या कपाळावर बारीकशी आठी येऊ लागली.

भावनाने डोळे पुसले, हसली, आणि दोनदा मान हलवली. हमीदाला तेवढं पुरलं.