विचारून गेलेला

आमच्या खोऱ्यात कुणी बर्फाच्या दरडीखाली सापडला की लोक पहिलं एकच विचारतात : विचारून गेला होता का? म्हणजे मला विचारून. वरच्या निवाऱ्याची किल्ली तीस वर्षं माझ्याकडे आहे. एप्रिलमध्ये शेवटच्या बर्फावर स्की करायला आलेले पहाटे दाराशी थांबतात आणि मी बर्फावर काठी मारतो. ठणठणीत वाजली तर जा म्हणतो, रुतली तर कॉफी पाजून परत धाडतो. विचारून गेलेल्याला देवानं नेलं असं गाव म्हणतं. न विचारता गेलेल्याबद्दल गाव काही बोलत नाही, नुसती मान हलवतं.

निवारा खळग्यात आहे. रात्रीची थंडी पाण्यासारखी वरून उतरते आणि तिथे साचते. ढगाळ रात्री दाराशी दगड झालेला बर्फ वरच्या उतारावर नुसता लगदा असतो. म्हणून मी काठी दोनदा मारतो, एकदा दाराशी आणि एकदा पाऊण तास चढून, उघड्यावर.

त्या गुड फ्रायडेला मी वर चढलो नाही.

दुपारी तीनला चर्चमध्ये प्रभूच्या दुःखसहनाची कथा गायची होती. निवेदकाचा आवाज माझा. आमचे फादर ओझबाल्ट प्रवचन बोलता बोलता गाऊ लागतात, आणि त्या सुरावर माझा जीव आहे. त्यांच्यासमोर मला एक चढी ओळ आठवडाभर सापडत नव्हती. लवकर खाली जाऊन ती घोटायची होती.

रोझाल्का मावशीचा एकुलता एक मुलगा लोव्रो पहाटे स्की खांद्यावर टाकून आला. पस्तिशीचा, पण माझी थट्टा केल्याशिवाय त्याचा दिवस उगवत नसे. "येर्नेयकाका, आज घसा बसला तर तुमच्या जागी आमची शेळी उभी करतो. तिला निदान वरचा सूर लागतो." मग त्यानं विचारलं. मी दाराशी काठी मारली. ठणठणीत वाजली. रात्रीचे ढग नुकतेच पांगत होते, ते मी पाहिले होते.

"जा," मी म्हणालो. "नऊच्या आत खाली ये."

तीन वाजता मी गायलो. ती ओळ लागली. दार वाजलं की रोझाल्का मावशी मान वळवून बघत होती. संध्याकाळी लोव्रोला दरडीखालून काढून खाली आणलं.

शोधपथकातल्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की मी लवकर उतरलो होतो. खोटं नव्हतंच ते. लोव्रो न विचारता गेला, हे बाकीचं लोकांनी जुळवलं. गुड फ्रायडेला तरी जायचं नाही, असं बायका दफनाच्या वेळी कुजबुजल्या. फादरनी नाव न घेता मेंढपाळाच्या पुढे धावणाऱ्या कोकराबद्दल एक ओळ गायली. किती गोड गायली, आणि मी उभा राहून ऐकली.

दहा दिवस मला जेवण गेलं नाही. अकराव्या दिवशी मी मावशीकडे गेलो. ती बटाटे सोलत होती.

"मावशी, लोव्रो विचारून गेला होता."

"कुणाला?"

"मला. मी जा म्हणालो. वर जाऊन बघितलं नाही."

"का?"

"गाणं घोटायचं होतं."

तिनं हातातला बटाटा पुरता सोलला, पाण्यात टाकला. "चांगला गायलास त्या दिवशी," ती म्हणाली. "मी ऐकत होते."

तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. मी उठलो तेव्हा तिनं सुरी खाली ठेवली. "हे माझ्या स्वयंपाकघरात सांगून भागायचं नाही, येर्नेय. माझ्या पोरानं विचारलं नाही असं ज्यांना वाटतं, त्यांना सांग."

रविवारी फादरचं प्रवचन संपल्यावर मी गायकांच्या सज्जातून खाली उतरलो आणि वेदीसमोर उभा राहिलो. चार वाक्यांत सांगितलं. इतकी वर्षं त्या चर्चमध्ये गायलो होतो, बोलताना मात्र माझा आवाज पहिल्या बाकांपलीकडे जाईना. मागून कुणीतरी म्हणालं, मोठ्यानं सांग. मी सगळं पुन्हा सांगितलं.

फादरनी चष्मा काढून हातात धरला. रोझाल्का मावशी तिसऱ्या बाकावरून उठली आणि वळून एकेका रांगेकडे बघत राहिली, सावकाश, शेवटच्या रांगेपर्यंत. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. वर ऑर्गनवाला मी परत येण्याची वाट बघत थांबला होता. मला जिना चढवेना. पुढचं गीत कुणीच सुरू केलं नाही.