सदतिसाव्या मीटरवर

गटारात माणूस उतरवायचा नाही, कॅमेरा सोडायचा, असा नियम आला तेव्हा मामा सुटकेचा निःश्वास टाकून मोकळा झाला. ऐन उमेदीची अठरा वर्षं त्याने चेंबरमध्ये उतरून काढली होती. आता तो वर उभा राहून केबल सोडायचा आणि भाची व्हॅनमध्ये बसून पडद्यावर पाइपाची तपासणी करायची. मामा तिला कौतुकाने ‘घुबड’ म्हणे. अंधारातलं हिला बरोबर दिसतं म्हणून.

त्या दिवशी बाजाररस्त्याची लाईन बघायची होती. कोपऱ्यावर छत्रीखाली किल्ल्या करून देणाऱ्या चावीवाल्याने रस्ता मऊ लागतो अशी तीनदा तक्रार केली होती आणि पालिकेच्या साहेबांनी तिन्ही वेळा ती हसण्यावारी नेली होती. ऊन चढलं होतं. मामाने व्हॅन चेंबरपासून बरीच पुढे, इमारतीच्या सावलीत लावली. तिथवर चित्र बिनतारी यायचं.

चार चाकांचा कॅमेरा पाइपातून सरकू लागला. वीस मीटरपर्यंत नेहमीचंच होतं, चिकटलेली चरबी नि झाडाची मुळं. चौतीसला पाण्यात माती दिसू लागली. सदतीसला पाइपाचं छतच नव्हतं.

घुबडाने कॅमेरा वर वळवला. दिव्याचा झोत वर गेला तो गेलाच. पाइपावर माती असायला हवी, तिथे खोलीएवढी पोकळी होती. पार वर काहीतरी करडं दिसत होतं आणि त्यातून खडे निसटत होते. बराच वेळ ती नुसती बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं, ती रस्त्याची खालची बाजू होती.

तिने वॉकी-टॉकीवर मामाला विचारलं, व्हॅन चेंबरपासून किती लांब आहे?

“असेल पस्तीस-चाळीस मीटर. का गं?”

ती खुर्चीत जराशी हलली आणि पडद्यावर मूठभर खडे पडले. पायाखाली जनरेटर थरथरत होता. त्या थरथरीने माती सुटत असणार. तिने हात लांबवून तो बंद केला. त्यासरशी पडदाही विझला. आता खाली काय चाललंय ते दिसायचीही सोय उरली नाही.

उत्तर न मिळाल्याने मामा धावत निघाल्याचं तिला मागच्या काचेतून दिसलं.

“मामा, तिथेच थांब. माझ्याखाली रस्ता नाहीये.”

मामा जागच्या जागी थिजला. “उभी राहू नकोस, बाळा,” तो म्हणाला. “पालथी हो. मागच्या दाराने पाय आधी सोड. अजिबात घाई नको.”

ती सरपटत बाहेर आली. डांबर तापलं होतं आणि तळहाताखाली किंचित दबत होतं. फुटपाथ चार हातांवर होता, पण तिला पुढे सरकायचा धीर होईना. तेवढ्यात पलीकडच्या वळणावरून बस आत शिरली. मामाने एकदा भाचीकडे बघितलं, एकदा बसकडे, आणि फुटपाथच्या कडेकडेने धावत जाऊन बससमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला आणि त्याला शिव्यांची लाखोली वाहिली.

चावीवाल्याने आपल्या मोठ्या छत्रीचा दांडा उपसून पुढे केला. तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि त्याने तिला फुटपाथवर ओढून घेतलं. मागे वळून बघते तो व्हॅनचं तोंड खाली झुकत होतं. फार आवाजही झाला नाही. डांबर मधोमध दुमडलं आणि व्हॅन टपापर्यंत आत गेली.

मामा आला तो तिच्याशेजारी बसलाच. “खाली असताना निदान वरचा रस्ता पक्का वाटायचा,” तो म्हणाला.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. याच लाईनचा पुढचा भाग शाळेखालून जात होता. सकाळी दुसरी व्हॅन, दुसरा कॅमेरा येणार होता. तुला जमणार नसेल तर तसं सांग, असं ते चाचरत म्हणाले.

“येते मी,” ती म्हणाली. “पण शाळा आधी रिकामी करा. त्यांना आजच कळवा.”