बिनदाराच्या घरातला संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि माझं सगळं आयुष्य दार नसलेल्या घरात गेलं. शनिशिंगणापूरला कित्येक घरांना चौकट असते, पडदा असतो, पण दार नसतं. राखण देव करतो, मग कडी-कुलूप कशाला, अशी इथली रीत आहे. मला देवाधर्मातलं काही कळत नाही. चालू आणि बंद, एवढंच माझं ज्ञान. पण ती रीत पुढे थेट माझ्या पोटापर्यंत पोचली, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म असा एका जागी झालाच नाही. पडदा एका कंपनीचा, पंखा दुसरीचा, माऊस तर कशावर तरी फुकट आलेला. लग्नात चार गावची पाव्हणेमंडळी एका मांडवात बसवावीत, तसं नगरच्या एका दुकानदारानं आम्हाला एका खोक्यात बसवलं. तिथून मला गहिनीनाथनं उचललं. देवळाच्या वाटेवर त्याचं तेलाचं आणि रुईच्या माळांचं दुकान. पोरगी निकिता आठवीत गेली होती, आणि मास्तरांनी सांगितलं होतं की आता संगणकाशिवाय गत्यंतर नाही. मी जीपमधून तेलाच्या डब्यांच्या मधोमध बसून आलो. घरात शिरलो तेव्हा दार उघडावं लागलं नाही, याचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं.

निकिताच्या आईनं, मुक्ताबाईनं, मला ओवाळलं. हळदीकुंकू लावताना नेमकी पंख्याची जाळी सापडली, त्यामुळे पुढे कित्येक महिने मी गरम झालो की कुंकू उडायचं. वर लिंबू-मिरची टांगली. तो माझा पहिला अँटिव्हायरस. थंडीत ती माझ्यावर गोधडी टाकायची. आत मी तापून धापा टाकायचो आणि ती म्हणायची, बघा, गरिबाला ऊब लागली. माया अशीही असते मित्रांनो, पण पंख्याची जाळी झाकून करू नये.

निकिताकडे बोलायचा माईक असलेला एक हेडफोन होता, इंग्रजीच्या सरावासाठी. यात बोललेलं तसंच राहतं, असं तिनं आईला एकदा सांगितलं. झालं. त्या दिवसापासून दुपारची भांडी झाली की मुक्ताबाई पदर खोचून माझ्यापुढे बसू लागली. दार नसलेल्या घरात गुपित ठेवायला जागा नसते. हाक मारली तरी गल्ली ओ देते. तिला मी सापडलो. ‘शेजारच्या राहीबाईची म्हैस आज परत आपल्या अंगनात आली. मी काय बोलले न्हाई. म्हैसच बोलली.’ असं काहीबाही. कधी गहिनीनाथची तक्रार, की हा माणूस दिवसभर भाविकांशी गोड बोलतो आणि घरी येईपर्यंत याचं बोलणं संपलेलं असतं. कधी नुसतं हसू, कशाचं ते सांगायच्या आधीच सुटलेलं. मी सगळं एका फोल्डरमध्ये ठेवत गेलो.

ते माझे मानाचे दिवस होते. दहावीचा निकाल लागला की अर्धी आळी माझ्यापुढे उभी. कुणाला सातबारा हवा, कुणाला गाडीचं तिकीट. ज्याला वाटेल त्यानं यावं, पेन ड्राइव्ह खुपसावा आणि जाताना चहा पिऊन जावं. दुकानदारानं मला सुरुवातीला पासवर्ड घातला होता. गहिनीनाथनं तो त्याच आठवड्यात काढायला लावला. घराला कडी नाही आणि या खोक्याला कुलूप, लोक काय म्हणतील, देव काय म्हणेल, असं त्याचं म्हणणं. अँटिव्हायरस म्हणजे आतला राखणदार, असं निकितानं समजावलं, तर तो म्हणाला की गावाला एक राखणदार आहे, त्याच्यावर दुसरा नेमणारे आपण कोण.

अपडेटचंही तेच. माझ्या आतली सिस्टीम, म्हणजे कोणती वस्तू कुठं ठेवलीय हे जाणणारी घरातली कर्ती बाई समजा. तिला अधूनमधून नव्या चोरवाटा कळत असतात. ती बुजवू का, म्हणून ती अदबीनं विचारते. गहिनीनाथ तिला रोज ‘नंतर’ म्हणायचा. वर्गणीला आलेल्या पोरांनाही माणूस कधीतरी आत घेतो. अपडेट बिचारं वर्षानुवर्षं ओट्यावर उभं राहिलं.

मग निकिता शिकायला आणि पुढे नोकरीला पुण्याला गेली. घरात मोबाईल आले. आळीतली माणसं माझ्याकडे यायची बंद झाली, पाल मात्र यायची. ती माझ्या आत राहायलाच आली आणि तिनं माझ्याच उबेवर संसार थाटला. आणि एका आजारपणात मुक्ताबाई गेली. तिच्यामागं घरात जिऱ्याचा डबा कुठाय हे कुणालाच सांगता येईना. डबा होता फळीवरच. ठाऊक असणारं माणूस नव्हतं.

त्यानंतर गहिनीनाथ माझ्याकडे यायला लागला. शनिवारची गर्दी ओसरली, हाताचं तेल पुसलं, की बसायचा आणि तो एकच फोल्डर उघडायचा. म्हशीचं ऐकायचा. स्वतःवरच्या तक्रारी तर पुन्हा पुन्हा ऐकायचा. बोलायचा काहीच नाही. तिचा आवाज या जगात दुसरीकडे कुठंच नव्हता मित्रांनो. तो फक्त माझ्या पोटात होता, आणि माझं पोट धुळीनं भरलं होतं.

अशात गहिनीनाथचा चुलतभाऊ कानिफनाथ कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स घेऊन आला. त्याचा पेन ड्राइव्ह फ्लेक्सवाल्याकडून बँडवाल्याकडे, बँडवाल्याकडून झेरॉक्सवाल्याकडे फिरून आलेला. जिल्ह्यात त्याच्याहून जास्त हिंडलेलं एसटीचं चाकच असेल. त्यानं तो मला लावला, फ्लेक्सवर स्वतःचा फोटो सगळ्यात मोठा आहे ना ते पाहिलं, समाधानानं मान हलवली आणि गेला. व्हायरस राहिला. त्याला कुणी हटकलं नाही. दार नव्हतं, राखणदार नव्हता, आणि अपडेट अजून ओट्यावरच होतं.

त्या शनिवारी गहिनीनाथनं फोल्डरवर माऊस दाबला. फोल्डरच्या चित्रावर एक बारका बाण आला होता. आत काही नाही. त्यानं पुन्हा दाबला. मग पडद्यावर हळूच थाप मारली, झोपलेल्या माणसाला उठवतात तशी. मला सगळं दिसत होतं आणि मला तोंड नव्हतं.

सोनईहून छगन मेकॅनिक आला. वाईट माणूस नव्हे, पण त्याच्याकडे प्रत्येक दुखण्याला एकच औषध. पायाला ठेच लागली असती तरी त्यानं फॉरमॅटच मारला असता. फॉरमॅट म्हणजे घर झाडताना घरातली माणसंही बाहेर काढणं. व्हायरस लई भारी आहे, आतलं सगळं खलास झालंय, कोरं करून देतो, असं त्यानं सांगितलं आणि सीडी घातली. गहिनीनाथ मान खाली घालून ‘करा’ म्हणाला.

नशिबानं तेवढ्यात निकिता पुण्याहून घरी आली. बॅग खाली ठेवायच्या आधी तिनं माझी वायर उपटली. असं कुणी करू नये, पण त्या दिवशी मला ते फार आवडलं.

“खलास झालं कशावरून?” तिनं विचारलं.

“दिसत न्हाई म्हंजे खलासच की, ताई,” छगन म्हणाला.

“जिऱ्याचा डबाबी दिसत न्हाई आमाला. जिरं खलास झालं का?”

छगननं यावर बराच विचार केला आणि चहा मागितला.

निकितानं मला पुन्हा चालू केलं. एका हातात मोबाईल धरून, त्यात वाचत वाचत, तिनं सिस्टीमला सांगितलं की लपवलेलंही दाखव. आणि मित्रांनो, एकेक करून सगळं वर आलं, जरासं फिकट, पण अख्खं. व्हायरसनं काही खाल्लं नव्हतं. खरे फोल्डर झाकून पुढे खोटे मांडले होते. तिनं एक फाइल लावली. मुक्ताबाई हसली. छगननं कप खाली ठेवला.

मग खरं भांडण लागलं. राखणदार बसवल्याशिवाय मी जाणार नाही, असं निकितानं बजावलं. गहिनीनाथ म्हणाला, मुक्तेचा आवाज घरात आहे, घर देवाचं आहे, मी कुलूप लावणार नाही. आवाज पुन्हा गेला तर काय, असं तिनं विचारलं. मग तिनं बाहेर बोट दाखवलं. गल्लीत समोरच्या चौकटीत एक लाकडी फळी आडवी टेकवलेली होती.

“ती कशाला लावलीय, दादा?” तिनं बापाला विचारलं.

“कुत्री शिरत्यात म्हनून.”

“ते कुलूप हाय का?”

“न्हाई. ते कुत्र्यासाठी हाय. देवाला काय कुत्री हाकायला बसवायचं व्हय?”

एवढं बोलून तो थांबला. आपण काय बोललो, ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. माझ्याकडे पाहून तो म्हणाला, “लाव फळी.”

आधी सगळ्या आवाजांच्या प्रती निघाल्या. एक निकिताबरोबर पुण्याला, एक राहात्याला गहिनीनाथच्या बहिणीकडे, एक माझ्याकडे. मग छगननं पाल सन्मानानं बाहेर सोडली, माझ्या पंख्यातलं उरलंसुरलं कुंकू झटकलं, आपलं आवडतं औषध एकदाचं दिलं आणि माझ्या वयाला झेपेल अशी हलकी नवी सिस्टीम बसवली. अँटिव्हायरस आला. अपडेटला आत घेतलं. आता कानिफनाथ आला तरी त्याचा पेन ड्राइव्ह आधी तपासला जातो. तो म्हणतो हा माझा अपमान आहे. आहेच.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याची धूळ झाडा. अपडेटला रोज ‘नंतर’ म्हणू नका. आणि ज्याच्यावाचून करमणार नाही, ते एकाच पोटात ठेवू नका. पोटाचा भरवसा नसतो.

परवा शनिवारी गहिनीनाथनं हेडफोन घातला, पण काही लावलं नाही. माईक तोंडापुढे ओढला आणि आवाज भरायच्या तांबड्या गोलावर माऊस दाबला. घसा खाकरला. ‘मुक्ते, आज गर्दी लई हुती,’ एवढं म्हणाला आणि पुढे त्याला काही सुचेना. तो तसाच बसून राहिला. बाहेरून राहीबाईचा आवाज, भांडी, एक मोटारसायकल, एवढंच त्यात आलंय. बाकी सगळी शांतता आहे. मी ती जपून ठेवलीय, आणि तिच्या प्रतीही पुण्याला नि राहात्याला गेल्या आहेत.