आई नसण्याची तालीम

धुण्याच्या मशीनने काम संपल्याचं सांगायला 'टुंई टुंई' केलं आणि ती ताडकन उभी राहिली. मांडीवरचा लॅपटॉप घसरला. नवऱ्याने तो वरच्यावर झेलला.

"पेशंट वाचला का?" त्याने विचारलं.

हा विनोद घरात जुना झाला होता. ती डायलिसिस विभागात तंत्रज्ञ होती, त्यामुळे कुठेही काहीही वाजलं की तिचे पाय आधी निघत आणि डोकं मागून पोचे. मायक्रोवेव्ह असो, शेजाऱ्यांची बेल असो, नाहीतर लेकीचं बॅटरीवर क्वॅक क्वॅक करणारं बदक. एरवी ती हसली असती. पण आज त्या आवाजाआधी कितीतरी वेळ दोघं पडद्यावरच्या एकाच पानाकडे बघत होती, आणि तिथून नजर हलवता आल्याचं दोघांनाही बरंच वाटलं होतं. रविवारची दुपार होती. सासूबाई आतल्या खोलीत आडव्या झाल्या होत्या आणि लेक त्यांच्या पलंगाखाली बाहुल्यांची शाळा भरवून बसली होती. लेक पाच वर्षांची. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसली की घरातले आधी तिचं कपाळ गरम आहे का ते बघत.

त्या पानावर परदेशातल्या एका मोठ्या रुग्णालयाने तिला देऊ केलेली नोकरी होती. पगाराचा आकडा आत्ताच्या चौपट. करार दोन वर्षांचा. उत्तर पुढच्या रविवारपर्यंत.

"चौपट," नवरा पुन्हा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. माणसं सुखाने वर जात असतात तेव्हा आपली कुणाला आठवण येत नाही, मध्येच अडकली की येते, असं तो नेहमी म्हणे. आज मात्र बायको वर निघाली होती आणि मध्ये अडकला होता तो.

"सुजलेला आकडा आहे हा," ती म्हणाली. "पाणी काढल्याशिवाय कळणार नाही."

हा तिच्या कामातला हिशेब होता. डायलिसिसला येणारा माणूस काट्यावर उभा राहतो तेव्हा दिसतं ते त्याचं खरं वजन नसतंच, त्यात अंगात साचलेलं पाणी असतं. ते काढून टाकल्यावर उरतं ते कोरडं वजन. माणूस सुधारतोय की खंगतोय हे त्यावरून ठरवायचं. तिने प्रस्ताव तसाच काट्यावर चढवला. घरभाडं वेगळं मिळणार होतं, पण ते वसतिगृहातली खोली न घेतली तरच, आणि पहिले सहा महिने खोली घेणं सक्तीचं होतं. जादा तासांचे पैसे मूळ पगारावर होते, आणि मूळ पगार एकूण आकड्याच्या जेमतेम निम्मा. विमानाचं तिकीट वर्ष पूर्ण केल्यावर. आजारपणाचा विमा तिचा एकटीचा. मध्येच सोडून आली तर त्यांनी केलेला खर्च भरून द्यायचा. पूर्वी तिकडे जाऊन परतलेल्या एका मैत्रिणीला तिने फोन लावला, तेव्हा तिने अभिनंदन वगैरे काही न म्हणता पहिल्याच झटक्याला विचारलं की पासपोर्ट कुणाच्या कपाटात राहणार, ते आधी लिहून घेतलंस का. ते विचारून झालं होतं, स्वतःकडेच राहणार होता. मग मैत्रीण जरा सैल झाली आणि म्हणाली, तर मग वाईट नाहीये गं, खरंच वाईट नाहीये.

पाणी निथळल्यावर चौपटीचं दुपटीवर थोडं उरलं. तरीही पुष्कळ होतं. दोन वर्षांत भाड्याच्या घरातून स्वतःच्या घरात जाता आलं असतं. आणि पैशाचं सोडा, तिथे अशी मशीनं होती ज्यांची तिने नुसती चित्रं पाहिली होती, आणि दुसऱ्या वर्षापासून नव्या लोकांना शिकवायचं काम तिच्याकडे येणार होतं. ते वाक्य तिने इतक्यांदा वाचलं होतं की तिला ते पाठ झालं होतं. नवऱ्याला तिने हे सांगितलं नव्हतं. घरासाठी जावंसं वाटतं हे म्हणता येत होतं, मला जावंसं वाटतं हे मात्र जिभेवर येऊन परत जात होतं.

खाली, पगाराच्या पार पलीकडे, एक ओळ होती. नोकरी 'एकल दर्जा'ची. म्हणजे नवरा नाही, मूल नाही. वर्षानंतर बढती मिळाली आणि व्यवस्थापनाला योग्य वाटलं, तर कुटुंबाचा विचार होऊ शकेल.

"'होऊ शकेल'," नवरा म्हणाला. "आमचे मालकही पगारवाढीला हेच म्हणतात."

या ओळीचं कोरडं वजन कसं काढायचं ते तिला कळेना. आणि मग तिला जे सुचलं, ते फक्त तिच्यासारख्या बाईलाच सुचलं असतं. विभागात कुठलंही मशीन माणसाला जोडण्याआधी ते नुसतं चालवून बघतात. नळ्या लावायच्या, पाणी खेळवायचं, सगळे दिवे हिरवे आले की मगच खुर्चीवर माणूस. तर आपणही चालवून बघू, ती म्हणाली. एक आठवडा मी घरी नाही. ताईंकडे राहीन, तिथूनच कामाला जाईन. संध्याकाळी फोनवर भेटेन, तिकडून भेटले असते तशी. भिंगरीने निभावलं तर हो म्हणायचं.

"आणि नाही निभावलं तर?"

"तर नाही म्हणायचं. विषय संपला."

सासूबाई तेवढ्यात उठून दारात आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पदर खोचत म्हणाल्या, "अगं, लेकरू आहे ते. त्याला कुठे बटण असतं?"

पण विरोध त्यांनी केला नाही. सुनेच्या नोकरीत आपण आडव्या आलो असं पुढे कधी कुणी म्हणायला नको, एवढी काळजी त्या नेहमी घेत.

या ताई म्हणजे तिची नणंद, गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. तोंडाची फटकळ आणि मनाची मऊ. वहिनी बॅग घेऊन दारात उभी राहिली तेव्हा तिने आधी व्हिसा मागितला. मग स्वतःची खोली तिला दिली आणि आपण बाहेर सोफ्यावर पसरली. ही सोय तिकडे नसेल हो, उगाच सवय लावून घेऊ नकोस, असंही बजावलं.

भिंगरीला सांगितलं होतं की आई कामासाठी लांब जाते आहे आणि रविवारी येणार आहे. ते ऐकून ती म्हणाली होती, बरं. आणि बाहुलीचे केस विंचरत राहिली होती.

पहिल्या संध्याकाळी तिने ठरल्या वेळेला फोन लावला. पडद्यावर लेकीचं नाक आलं, मग कपाळ, मग नीट सगळा चेहरा. भिंगरी हसत होती. तिने चित्र दाखवलं, हलणारा दात दाखवला, जेवले म्हणाली, आणि आपणहून टाटा केला. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तर आईच बोलणं लांबवत होती आणि लेक शहाण्यासारखी म्हणाली, "आई, तुला दमायला झालं असेल ना? झोप तू."

नवरा रोज अहवाल देई. जेवते, शाळेत जाते, रात्री उठत नाही, हट्ट नाही. तुझ्यापेक्षा माझ्याकडे जास्त सरळ वागते, असं तो वर फुशारकीने सांगे. सगळे दिवे हिरवे.

त्याच आठवड्यात तिच्या हाताखाली एक नवी मुलगी शिकायला आली होती. सकाळी मशीनं लावताना त्या मुलीने एका मशीनवरून नुसती नजर फिरवली आणि म्हणाली, हे शांत आहे, म्हणजे ठीक आहे. तेव्हा तिने तिला थांबवलं आणि ती स्वतः नवीन असतानाची गोष्ट सांगितली. वॉर्डात एक मावशी होत्या, फार मायाळू. पेशंटांचा खुर्चीत डोळा लागला की मशीनच्या पिपाण्यांनी त्यांची झोप मोडायची, ते मावशींना बघवेना. म्हणून त्यांनी एका मशीनच्या आवाजाच्या जाळीवर कापसाचा बोळा ठेवून वरून चिकटपट्टी लावून टाकली. नशिबाने वेळेत लक्षात आलं. तेव्हापासून ती शांत मशीनवर कधी विश्वास ठेवत नसे. आधी ते मुद्दाम वाजवून बघायचं. वाजतंय ना, हे कळल्यावरच त्याच्या गप्प राहण्याला अर्थ.

नव्या मुलीने मान डोलावली आणि लिहून घेतलं. मग ती स्वतः पुढच्या खुर्चीकडे वळली. तिथे नेहमीचे पोस्टमन आजोबा बाही वर करून बसले होते. पोरीला चांगलं शिकवताय हो, असं त्यांनी म्हटल्यावर तिला आतून ऊब आल्यासारखं वाटलं. हेच काम, तिकडे, मोठ्या प्रमाणावर.

शनिवारी संध्याकाळी फोनवर भिंगरीने गाणं म्हणून दाखवलं. फोन बंद झाल्यावर ती नणंदेच्या खिडकीत कितीतरी वेळ बसून राहिली. लेक निभावत होती. यात आनंद व्हायला हवा होता आणि तो होतही होता, पण त्याच्या खाली काहीतरी दुखत होतं. एकदा तरी रडायला हवी होती गं, ती नणंदेला म्हणाली. नणंद म्हणाली, रडली असती तरी तुला त्रास, नाही रडली तरी त्रास. आयांची जातच तसली. आणि मग हळूच विचारलं, "तुला जायचंय ना?"

तिने मान हलवली. पहिल्यांदाच कुणापुढे. मग लॅपटॉप उघडला आणि होकार पाठवून दिला.

रविवारी सकाळी ती घरी पोचली. भिंगरी दारातच उभी होती. धावत आली नाही. आली, कमरेला धरलं, आणि पकड सोडली नाही. तिला तसंच लटकवून ती खोलीभर फिरली. नवरा म्हणाला, बघ, काही झालं नाही. होकार पाठवल्याचं तिने त्याला सांगितलं. मग त्याने तिचा खांदा थोपटला, आणि नवीन आलेल्या लिफ्टचं उद्घाटन केल्यासारखे हात जोडले. दोघंही हसली. थोडं जास्तच.

तेवढ्यात आत मशीन वाजलं, 'टुंई टुंई'. ती सवयीने वळली. भिंगरीला बाबांकडे देऊन कपडे काढायला गेली.

लेकीचा निळा सदरा झटकताना तिचा हात थांबला. डाव्या बाहीचा काठ झिजून त्याच्या दशा सुटल्या होत्या. कुठे अडकून फाटला असेल म्हणून तिने तो बाजूला ठेवला. मग पिवळा फ्रॉक. मग शाळेचा सदरा. मग रात्रीचा. प्रत्येकाची डावी बाही तशीच, काठावर बारीक दातांनी कुरतडलेली, शाळेच्या सदऱ्याला तर भोकच पडलेलं. आठवड्याचे सगळे कपडे ओले, थंड, तिच्या हातात. मशीन वाजवून बघायचं असतं, एवढंच तिच्या मनात आलं.

तिने नवऱ्याला हाक मारली. त्याने बाह्या पाहिल्या, उलटसुलट केल्या आणि खरोखरच चकित झाला. त्याच्या काही लक्षात आलं नव्हतं. पोर गप्प आहे म्हणजे ठीक आहे, असं तो धरून चालला होता. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी कपड्यांकडे पाहिलंच नाही, म्हणजे त्यांना ठाऊक होतं.

"मी फक्त एवढंच म्हटलं होतं तिला," त्या म्हणाल्या. "की फोनवर रडू नको हं, तिकडे आईला वाईट वाटतं. पहिल्या दिवशी. फोन यायच्या आधी." त्या दाराच्या चौकटीला टेकल्या. "मला वाटलं फोन झाला की रडेल, मग मी घेईन जवळ. पण ती रडलीच नाही गं. नंतरही नाही. बाही तोंडात धरून बसायची, पलंगाखाली. तुला सांगावं की नको, मलाच कळेना. सांगितलं तर तुझी नोकरी मी घालवली असं झालं असतं."

यात कुणावर रागवायचं ते तिला सापडेना. सासूबाईंचे डोळे भरले होते. बोळा आणि चिकटपट्टी कुणी दुष्टाव्याने लावत नाही.

"एकदा जरी रडली असती," ती नवऱ्याला म्हणाली, "तर मी पाठवलाच नसता होकार." आणि म्हणता म्हणताच हे खरं आहे की नाही, याची तिला खात्री वाटेना. नणंदेपुढे हलवलेली मान तिला आठवली. आपण मशीन वाजवून बघितलं नाही, की मुद्दाम बघितलं नाही?

तिने खाली पाहिलं. भिंगरी कधी येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक. भिंगरीसारखी नाही, अगदी स्थिर. अंगातल्या स्वच्छ सदऱ्याची डावी बाही तिच्या तोंडात होती. आईने गुडघे टेकले आणि हळूच ती बाही दातांतून सोडवली. काठ ओला आणि कोमट होता.

लेकीने आधी आजीकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग आईच्या तोंडाकडे टक लावून, चित्रात काय चुकलं ते शोधताना बघायची तसं.

"आई," तिने विचारलं, "मग आता रडले तर चालेल?"