भिंत फोडायचा दिवस

घानातल्या तामाले शहरात तलाताचं वास्तुरचनेचं कार्यालय होतं, आणि त्या कार्यालयाचा एकच हट्ट होता. इमारत सोपवायच्या दिवशी ती सगळ्यांदेखत भिंतीचा तुकडा फोडायची. गावाने ते भगदाड तिच्या मदतीशिवाय बुजवलं, तरच किल्ली. गावाला जी भिंत दुरुस्त करता येत नाही, ती गावाची नव्हेच, असं ती ठासून सांगायची. या हट्टापायी चांगली कामं हातची गेली होती. त्याचाही तिला अभिमानच होता.

आज सोपवायचं होतं ते तिच्याच गावातलं मातीचं सूतिकागृह. भिंती लिंपून त्यांवर लाल-काळी नक्षी काढली होती अताम्पोका काकूने आणि वाड्यावस्तीवरच्या बायकांनी. आईमागे तलाताला वाढवलं ते याच काकूने. झाडाखाली गावचा प्रमुख बसला होता, ज्वारीच्या पिटो बिअरने भरलेले भोपळ्याचे कटोरे फिरत होते.

तलाताने हातोडा मारला. ठण्ण! भिंतीवर ओरखडासुद्धा उठला नाही.

"बघा, बघा! हातोडाच हरला!" काकू टाळ्या पिटत ओरडली. "आमच्या पोरीच्या भिंतीला कोणी हसायचं नाही. लेपात सिमेंट कालवलंय मी!"

सगळे हसले. तलाता मात्र भिंतीजवळ सरकली. तिने बोटांनी भिंत वाजवली. आतून पोकळ आवाज आला. सिमेंटच्या कवचाने मातीला धरलंच नव्हतं. पहिल्या पावसात पाणी आत अडकणार आणि माती विरघळणार.

तिचा भागीदार अवुनी कानाशी लागला, "आज सोड बाई. मागाहून गुपचूप काढू. चारचौघांत काकूचं नाक कापशील का?"

त्याचं खोटं नव्हतं. पण आज सोडलं, तर इतकी वर्षं परक्यांना शिकवलेलं सगळं ढोंग ठरणार होतं. तिने हातोडा काकूपुढे धरला.

"काकू, कापणी झाली की दरवर्षी तुम्ही सगळ्या का जमता गं?"

"लिंपायला. आणखी कशाला?"

"आणि भिंत कधी तडकलीच नाही तर? मग कशाला जमाल?"

काकू भिंतीपाशी गेली. तिने स्वतः भिंतीवर बोटं वाजवली, कान लावून ऐकलं. तिचा चेहरा उतरला. तलाताला वाटलं, आता ही पाठ फिरवून जाणार.

काकूने हातोडा घेतला आणि लेपाच्या कडेला असा घाव घातला की नक्षीसकट अख्खा पापुद्रा खाली कोसळला. प्रमुख दचकून उभा राहिला.

"बसा हो, बसा!" काकू त्याच्यावरच खेकसली. "अगं, तोंडं काय बघताय? माती तुडवा! दावादावाच्या शेंगा उकळायला टाका, लेप पक्का करायला त्यांचंच पाणी लागेल! माझी चूक, मीच निस्तरणार, पण हात तुमचेही लागतील."

बायका पदर खोचावा तसं कमरेचं कापड आवळून कामाला लागल्या. गाणं सुरू झालं. दुपार कलेपर्यंत त्यांनी सगळं कवच उतरवून भिंत मातीने पुन्हा लिंपली. तलाताने एका बोटाचीही मदत केली नाही. तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिने लपवलेही नाहीत.

शेवटी तिने किल्ली पुढे केली. काकूने चिखलाचे हात मागे घेतले.

"ओली आहे अजून. वाळू दे, नक्षी होऊ दे, मग तू परत एकदा फोड. तेव्हा बघू किल्लीचं."

अवुनी कपाळाला हात लावून हसत सुटला. तलाताने किल्ली मुकाट्याने खिशात टाकली. किल्ली न सोपवता इतक्या ताठ मानेने ती आजवर कुठल्याच गावातून परतली नव्हती.